आईने काढलेली नागूबाय

आमच्या डोंबिवलीच्या घरात कडक उन्हाळ्यातसुद्धा दुपारी पाणी टपटपायचं. स्वयंपाकघर आणि स्टुडिओ यांच्यामधल्या बोळात अण्णांनी काचेच्या प्लेटा वाळत घालायची लाकडी घोडी बसवली होती, आणि धुतलेल्या प्लेटांच्या कोपऱ्यांवरून एकेक थेंब खालच्या जस्ताच्या ताटात पडत राहायचा. त्या काचांवर काळ्या दातांची आणि पांढऱ्या केसांची उलटी माणसं असायची. नव्या नवऱ्या, मुंजीतले बटू, पेन्शनीत निघालेले कारकून. दुसऱ्यांच्या घरची मुलं आमच्याकडे आली की त्या काचांना बिचकायची. मी आणि माझा धाकटा भाऊ मात्र त्यांच्याखालीच पाट मांडून जेवायचो. पाणी विहिरीवरून कावडीने यायचं आणि त्यावर पहिला हक्क फोटोंचा असायचा. आंघोळीला अर्धी बादली मिळाली म्हणून मी कुरकुर केली की आई म्हणायची, "नीट धुतला नाही तर फोटो पिवळा पडतो. तू काही पिवळी पडत नाहीस."

आमचा स्टुडिओ म्हणजे रस्त्याकडची एक लांबट खोली. तिच्या छपरावर उत्तरेच्या अंगाला कौलांऐवजी काचा होत्या, आणि काचांखाली दोरीवर सरकणारे पांढरे मांजरपाटाचे पडदे. हे पडदे ओढून, सोडून अण्णा उजेड कमीजास्त करायचे. मागच्या भिंतीला रंगवलेला मोठा पडदा होता, त्यावर एक जिना, दोन खांब आणि एक तळं. अख्ख्या डोंबिवलीची लग्नं त्या जिन्यासमोर उभी राहून गेली असतील. दारावरच्या पाटीवर अण्णांचं नाव आणि खाली 'फोटो आर्टिस्ट' अशी अक्षरं होती. फोटो तयार झाला की पुठ्ठ्याच्या उजव्या कोपऱ्यात अण्णा हाताने दाबायच्या यंत्राने आपल्या नावाचा ठसा उमटवत. तो बोटाने चाचपता यायचा.

बाजूच्या भिंतीवर मात्र गिऱ्हाइकांचे फोटो नव्हते. तिथे नट होते. ठाण्याला किंवा कल्याणला नाटक कंपनीचा मुक्काम पडला की अण्णा लाकडी कॅमेरा बांधून निघत, आणि दोन-तीन दिवसांनी कोणा राजाचा, कोणा संन्याशाचा, कोणा रुसलेल्या नायिकेचा फोटो घेऊन परत येत. त्या नटांच्या पायाला हात लावायचंच काय ते बाकी ठेवत. एका नामांकित गायक नटाने अण्णांना अर्धा तास समोर नुसतं बसवून ठेवलं होतं. मग तो म्हणाला होता, "आता तुम्ही मला पुरेसे ओळखीचे झालात, काढा." ही गोष्ट अण्णांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती, की त्या नटाच्या चेहऱ्यावर मला अजूनही तो अर्धा तास दिसतो. कलावंत दिसला की अण्णांचा आवाज खाली यायचा. आमच्या घरात देवापुढे बोलायचा आणि त्या भिंतीपुढे बोलायचा आवाज एकच होता.

आई या धंद्यात मागच्या दाराने आली. लग्न होऊन आली तेव्हा तिला फोटोतलं काही कळत नव्हतं, पण हात स्थिर होता. अण्णांनी तिला प्लेटेवरचं पेन्सिलकाम शिकवलं. टोक सुईसारखं करायचं आणि काचेवर उलट्या दिसणाऱ्या चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या हलके हलके भरून काढायच्या. खिडकीपाशी बसून ती हे काम करायची आणि मध्येच उठून आमटीला फोडणी घालायची. तिच्या बोटांची नखं औषधांनी कायमची तपकिरी झाली होती. कणीक मळायच्या आधी ती लिंबाच्या सालीने हात घासघासून धुवायची, तरी आमच्या पोळीला कधीकधी एक आंबूस वास यायचा. अण्णा तो वास घेऊन म्हणायचे, "आज काम बरंच झालेलं दिसतंय." एकदा देवीचे व्रण असलेल्या एका मुलीचा फोटो स्थळांना दाखवायला हवा होता आणि तिचे वडील म्हणाले, सगळे व्रण काढून टाका. आईने बरोबर निम्मे काढले. मी कारण विचारलं तर म्हणाली, "सगळे काढले तर मुलाकडचे फसतील. एकही काढला नाही तर मुलीला बघायलाच कोणी येणार नाही." त्या मुलीचं लग्न झालं. पुढे ती बाळाला घेऊन फोटो काढायला आली तेव्हा आईला म्हणाली, "आता आहे तशी काढा."

मग कल्याणच्या एका मोठ्या मुसलमान घरातून विचारणा आली. घरातल्या बायकांचे फोटो हवे होते, पण परक्या पुरुषासमोर त्या बसणार नव्हत्या. अण्णांनी आईला आठ दिवस कॅमेरा शिकवला. काळ्या कापडात डोकं कसं घालायचं, काचेवरची उलटी प्रतिमा नेमकी कशी करायची, भिंगाचं झाकण काढल्यावर किती आकडे मोजायचे. ठरल्या दिवशी अण्णांनी कॅमेरा आणि स्टँड स्वतःच्या खांद्यावरून त्या घराच्या दारापर्यंत नेला आणि ते बाहेरच्या ओट्यावर बसून राहिले. आत आईने अकरा बायकांचे फोटो काढले. एकही प्लेट वाया गेली नाही. तेव्हापासून बायकांचं काम आईकडे आलं. भिवंडी, कल्याण, कळवा, आजूबाजूची सगळी गावं. अण्णा ओझं वाहायचे, आई फोटो काढायची, आणि घरी आल्यावर प्रत्येक पुठ्ठ्यावर अण्णांच्या नावाचा ठसा उमटायचा. यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कोणाला वाटत नव्हतं. आईलाही नसावं.

मला मात्र दुसरंच काही वाटत होतं, आणि ते लिहिल्याशिवाय हे प्रकरण खरं होणार नाही. मला लाज वाटायची. मी तेव्हा चौदा वर्षांची, शाळेत वक्तृत्वात आणि हस्ताक्षरात पहिली येणारी. वर्गातल्या मुलींचे वडील सरकारी कचेऱ्यांत, बँकांत, रेल्वेत होते आणि आया घरी होत्या. एकदा मधल्या सुट्टीत एक मुलगी म्हणाली, "तुझी आई आगऱ्यांच्या लग्नात कॅमेरा घेऊन फिरते ना? आमच्या दूधवाल्याने सांगितलं." मी तत्काळ म्हणाले, "छे, ती नुसती अण्णांच्या सोबतीला जाते. फोटो अण्णाच काढतात." मला ते बोलायला जराही जड गेलं नाही, हेच आज जास्त बोचतं.

त्याच वर्षी भात झोडून झाल्यावर कोपर गावातून लग्नाचं बोलावणं आलं. कोपरला तेव्हा स्टेशन नव्हतं. डोंबिवलीहून शेतांच्या बांधावरून चालत जायचं, वाटेत खाडीचा वारा लागायचा आणि लांबवर मिठागरांतले पांढरे ढीग दिसायचे. लग्नघर मोठ्या शेतकऱ्यांचं होतं, त्यांना नवरीचा फोटो हवा होता. मी आईबरोबर गेले, कारण अण्णा तापाने पडले होते आणि स्टँड उचलायला दुसरं कोणी नव्हतं. आईने नवरीचा फोटो काढला, लग्नघरच्यांनी आम्हाला तांदळाचे वडे आणि वालाची भाजी आग्रहाने वाढली, आणि आम्ही निघणार तेवढ्यात मांडवात एका बाईने गायला सुरुवात केली.

ती नागूबाय. पन्नाशीची असेल, काळी, उंच, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, हातात पितळी पाटल्या. ती त्या गावची धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. हळद दळण्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असतं, आणि ती गाईल तसतसं लग्न पुढे सरकतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ती देवांना बोलावते, गावच्या वेशीला बोलावते, घरातल्या जित्या आणि गेलेल्या बायकांना नावं घेऊन बोलावते. नागूबाय दोन ओळी गायची आणि बाकीच्या बायका त्या उचलायच्या. तिचा आवाज गोड नव्हता. जाड, थोडा चिरलेला, पण मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत सरळ जाणारा. आई हातातली पिशवी खाली ठेवून ऐकत उभी राहिली. मी दोनदा तिचा पदर ओढला.

गाणं थांबल्यावर आई तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "नागूबाय, मला तुमचा फोटो काढायचाय."

"नको बाय," नागूबाय म्हणाली. "मना फोटू नको."

"पैसे नकोत मला."

"पैशाचा नाय. एक मानूस आयलेला मुंबईशी. माजे डोक्यावं हंडा ठेवला, कंबरंव हात ठेवाला सांगला, हास बोलला. मंग त्याचा कॅलेंडर निंगाला. खाली लिवला, कोलीन. मी कं कोलीन हाय? मी आगरीन. मी कवा हंडा घेतला? मी धवलारीन हाय. त्याना माजा नाव पन इचारला नाय."

 आईने विचारलं, "मग तुमचा खरा फोटो कसा निघेल?"

नागूबायने तिच्याकडे नीट पाहिलं. तिला हा प्रश्न कोणी आजवर विचारला नसावा. ती म्हणाली, "पयले आयकाला ये. पुरा लगीन आयक. कॅमेरा घरान ठेव."

आणि आई गेली. पुढच्या लग्नाला ती रिकाम्या हातांनी गेली आणि दोन्ही दिवस मांडवात बसली. त्याच्या पुढच्यालाही गेली. घरी पेन्सिलकाम साठलं, अण्णांनी दोन वेळा खिचडी टाकली, एकदा ती खाली लागली, पण ते काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "नटाने मला अर्धा तास बसवलं होतं. हिला चार दिवस झाले." त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि किंचित हेवाही.

आई नुसती ऐकत नव्हती हे मला पुढे कळलं. त्या वेळच्या प्लेटा मंद होत्या. मांडवातल्या उजेडात फोटो यायला माणसाने दीड-दोन सेकंद अजिबात हलता कामा नये, आणि गाणारी बाई तर सतत हलते. ओठ हलतात, मान हलते. तिला 'जरा थांबा' म्हटलं तर मग ती गाणारी बाई राहत नाही, फोटोला बसलेली बाई होते. आई चार दिवस तिच्या गाण्यात ती जागा शोधत होती जिथे ती गातही असेल आणि स्थिरही असेल. ती तिला सापडली. प्रत्येक दुसऱ्या ओळीनंतर बायका ओळ उचलायच्या, तेव्हा नागूबाय तोंड मिटून चेहरा वर करायची. त्या क्षणी ती पुढची ओळ आठवत असे आणि मागची ऐकत असे. आईने मनात मोजलं होतं. दोन आकडे. कधी अडीच.

त्यानंतरच्या लग्नाला नागूबायनेच निरोप धाडला, "आता कॅमेरा घेऊन ये." हळदीची दुपार होती. मांडवाच्या एका बाजूची झावळ्यांची झापं काढलेली होती आणि तिथून उजेड तिरका येत होता. आईने एकच प्लेट लावली. दुसरी पिशवीत होती, पण तिने ती बाहेर काढली नाही. डोक्यावर काळं कापड घेऊन तिने प्रतिमा नेमकी केली, मग कापड बाजूला टाकून कॅमेऱ्याशेजारी सरळ उभी राहिली आणि झाकणावर हात ठेवून ऐकत राहिली. नागूबायने ओळ टाकली. दुसरी टाकली. बायकांनी उचलली. आईने झाकण काढलं आणि तिचे ओठ हलले, एक, दोन. झाकण परत बसलं. नागूबाय गातच राहिली. फोटो निघाला हे तिला कळलंही नाही.

तो फोटो माझ्याकडे आहे. मी हे लिहिते आहे त्या टेबलाच्या वरच. माझा नातू चांगला फोटोग्राफर आहे, लग्नाचे एका दिवसात तीन-तीन हजार फोटो काढतो आणि त्यांतले कितीतरी सुंदर असतात. परवा तो या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, ही ऐकतेय ना?" मी हो म्हटलं. नागूबायच्या कपाळावर हळदीचं एक बोट ओढलेलं आहे, मागे बायकांच्या हलत्या चेहऱ्यांचा धूर झालेला आहे, आणि त्या धुरात ती एकटी स्वच्छ, वर पाहणारी, मिटल्या ओठांची. आईने त्या प्लेटेला पेन्सिल लावली नाही. एक सुरकुतीसुद्धा भरली नाही.

पहिली प्रत दाखवायला आईने नागूबायला घरी बोलावलं. ती आली, भाकऱ्या आणि कोवळ्या वालाच्या शेंगा घेऊन आली. सुकट आमच्याकडे चालत नाही हे तिने कोणाकडून तरी विचारून घेतलं होतं. तिने फोटो दोन्ही हातांत धरला आणि दाराच्या उजेडात नेला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ही त माजी आय."

"तुम्हीच आहात," मी म्हणाले.

"मीच हाय. पन आय पन हाय. ती अशीच वरती बगायची. तिच्या कडशीच शिकले ना सगला." तिने पदराने डोळे पुसले आणि आईला म्हणाली, "तू पन गाववालीच झालीस, बाय."

त्या संध्याकाळी अण्णांनी नटांच्या भिंतीवरचे सगळे फोटो उतरवले, नव्याने खिळे ठोकले आणि नागूबायला मधोमध लावली. तो गायक नट तिच्या डाव्या हाताला गेला.

थोड्याच दिवसांत ठाण्याच्या काही हौशी मंडळींनी फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. अण्णांचे एक स्नेही अर्ज घेऊन आले. अण्णा आईला म्हणाले, "तुझी नागूबाय पाठव." आईच्या हाताला पेन्सिलकाम होतं. ती मला म्हणाली, "शालू, तुझं अक्षर चांगलं आहे. तेवढा अर्ज भर." मी अर्ज भरला. 'छायाचित्रकाराचे नाव' या ओळीत मी अण्णांचं नाव लिहिलं. 'छायाचित्राचा विषय' या ओळीत लिहिलं, 'आगरी स्त्री'. माझं अक्षर खरंच फार सुंदर होतं. पाकीट मीच बंद केलं आणि शाळेत जाता जाता टपालपेटीत टाकलं. आपल्या शाळेतल्या मुली ठाण्याला प्रदर्शन बघायला गेल्या तर काय, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अण्णांच्या नावाने. आपल्या 'आगरी स्त्री' या छायाचित्रास पहिले पारितोषिक जाहीर करताना मंडळास आनंद होत आहे. अण्णांनी ते मोठ्याने वाचलं आणि अर्ध्यावर थांबले. आई खिडकीपाशी होती. तिने मान वर केली नाही. पेन्सिलीचं टोक काचकागदावर घासत म्हणाली, "असू दे. पाटी तुमच्याच नावाची आहे."

अण्णांनी मला स्टुडिओत बोलावलं. "अर्ज तू भरलास?"

"हो."

"चुकून झालं?"

खोटं बोलता आलं असतं. समोर भिंतीवर नागूबाय होती. मी म्हणाले, "नाही. शाळेत सगळ्यांना वाटतं फोटो तुम्ही काढता. मीच तसं सांगितलंय."

अण्णा ओरडणारे नव्हते. ते पडद्यापुढच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "त्या मुंबईवाल्याने तिच्या डोक्यावर हंडा ठेवला. तू एकाच कागदावर दोघींची नावं पुसलीस. तुला ते जास्त सफाईने जमलं." त्या वाक्याने मी रडले. ते म्हणाले, "रडू नकोस. लिहिलंस तू, दुरुस्त करायचं तू. मी बरोबर येईन, पण माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही."

बक्षीस समारंभाच्या दिवशी आम्ही ठाण्याला गेलो. आईने नागूबायला आग्रहाने बरोबर घेतलं होतं, आणि तिच्याबरोबर तिच्या मागे ओळ उचलणाऱ्या चार बायका आल्या होत्या, धुतलेल्या लुगड्यांत, केसांत अबोलीचे वळेसर. एका शाळेचं सभागृह होतं. भिंतींवर पर्वत, समुद्र, मांजरं, पुढारी, आणि मधोमध नागूबाय. खाली छापील कार्ड: अण्णांचं नाव आणि 'आगरी स्त्री'. आई ते कार्ड वाचून पुढच्या फोटोकडे वळली. नागूबायला वाचता येत नव्हतं. तिने मला विचारलं, "खाली कं लिवलंय ग, पोरी?"  मी धावत कार्यवाहांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते घाईत होते, पण सज्जन होते. म्हणाले, "बाळ, कार्डं छापून झाली, अध्यक्ष आलेत. पुढच्या वेळी बघू." आणि घंटा झाली.

अध्यक्षांनी भाषण केलं. त्यातलं एक अक्षर मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी पहिल्या बक्षिसाचं नाव पुकारलं, अण्णांचं. टाळ्या वाजल्या. अण्णा हलले नाहीत. त्यांनी परत पुकारलं. टाळ्या थांबल्या, लोक माना वळवून बघायला लागले. अण्णा हाताची घडी घालून समोर पाहत बसले होते, मान ताठ, जणू ते नाव दुसऱ्याच कोणाचं आहे. आईने घाबरून त्यांची बाही ओढली, "अहो, उठा ना." ते उठले नाहीत.

मी उठले. वक्तृत्वात मला बक्षिसं होती, पण हे भाषण पाठ केलेलं नव्हतं. मी म्हणाले, "तो फोटो माझ्या वडिलांनी काढलेला नाही. माझ्या आईने काढलाय. तिचं नाव सुशीलाबाई. आणि फोटोतल्या बाईंचं नाव नागूबाय, त्या कोपरच्या धवलारीण आहेत, त्या इथे बसल्यात. अर्ज मी भरला होता. चूक नव्हती, मी मुद्दाम तसं लिहिलं, कारण मला आईची लाज वाटत होती. आता वाटत नाही."

 मग अण्णा उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. एकटेच. त्यांचे ते मोठे, औषधांनी डागाळलेले हात. मागून एक जण लागला, मग दुसरा, मग सगळे. अध्यक्ष स्वतः व्यासपीठावरून खाली आले आणि आईच्या हातात पदक दिलं. आईने ते घेतलं. नमस्कार करताना तिने हात पदरात लपवले नाहीत. तपकिरी नखं सगळ्यांना दिसली.

अध्यक्ष मग नागूबायकडे वळले. "बाई, आपण इथे आम्हाला दोन ओळी म्हणून दाखवाल का?"

नागूबाय उठून उभी राहिली. ती अध्यक्षांपेक्षा उंच होती. "लगीन कोनाचा हाय?" तिने विचारलं. "हालद कोनाला लागली? कोनाला नाय. मंग मी देवाला बोलवून कं सांगू? आयकाचा हाय त कोपरला या. मांडवान बसा. या बायसारखं पुरं बसा."

तिच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. आमंत्रण होतं. अध्यक्षांनी हात जोडले. पुढच्या हंगामात ते खरंच आले आणि मांडवात चटईवर मांडी घालून बसले, हे मी पाहिलेलं आहे.

कार्यवाहांनी छापील कार्ड काढून नेलं आणि कोरा पुठ्ठा मला आणून दिला. मी त्यावर लिहिलं: 'कोपरच्या धवलारीण नागूबाय. छायाचित्र: सुशीलाबाई, डोंबिवली.' नागूबायने पुन्हा विचारलं, आता काय लिहिलं. मी वाचून दाखवलं. तिने ते परत वाचायला लावलं, आणि मग बरोबरच्या चौघींनाही. अण्णांनी त्याच आठवड्यात मुंबईहून आईच्या नावाचा ठसा करून आणला. शाळेत मला काही दिवस चिडवलं गेलं. नंतर दूधवाल्याचं नाव सांगणाऱ्या त्याच मुलीची आई आपल्या थोरल्या लेकीचा फोटो काढायला आमच्याकडे आली. ती म्हणाली, "बाईंनीच काढावा."

सहा वर्षांनी माझं लग्न ठरलं, कल्याणच्या एका शिक्षकांच्या घरात. आमच्यात धवले नसतात. पण हळदीच्या सकाळी नागूबाय चार बायकांना घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "पोरीला हालद लागतेय, मना आता धवला गावाचा हाय." गुरुजींनी जरा कपाळाला आठ्या घातल्या. अण्णांनी त्यांना आत नेऊन चहा दिला. नागूबाय माझ्या पाटाशेजारी बसली आणि गायला लागली. देव आले, वेस आली, मग घरातल्या बायकांची नावं आली. आमच्या घरातल्या गेलेल्या बायकांची नावं तिने कधी विचारून ठेवली होती कोण जाणे. माझी पणजी आली, आजी आली, आणि मग बायकांनी एक ओळ उचलली, त्यात 'सुसीला' होती. आईचं नाव आमच्या घरात कोणी घेत नसे. अण्णा तिला 'अगं' म्हणत, आम्ही 'आई', गिऱ्हाइकं 'बाई'. ते नाव पाच जणींच्या आवाजात तीन वेळा मांडवभर फिरलं.

माझ्या होणाऱ्या सासरच्या एक थोरल्या आत्या उष्टी हळद घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्या कानाशी वाकून विचारलं, "ही सुशीला कोण गं?"

मी हळदीने भरलेला हात वर करून दाखवलं. "ती, खांबापाशी उभी आहे ना, ती. माझी आई. फोटोग्राफर आहे."